संगणकभाषेंतील चुका व आपलें कर्तव्य

जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभीं किंवा अखेरीस ‘शुद्धिपत्र’ या मथळ्याचें एक पान जोडलेलें असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशीं चार सदरें, आणि त्यांखालीं छपाईंत राहून गेलेल्या चुकांची निमूट कबुली. हें पान न वाचतां उलटण्याचीच बहुतेक वाचकांची रीत होती. आमच्या मतें मात्र साऱ्या पुस्तकांत तें पान अधिक विश्वासाचें. कारण ज्या ग्रंथकारानें आपल्या चुका स्वतः मोजून दाखविल्या, त्याच्या उरलेल्या मजकुरावर भरंवसा ठेवावयास हरकत नाहीं. आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें अशाच एका शुद्धिपत्राचा विषय मांडणार आहों. तें कधींच पुरें होत नाहीं, तें कोणा एका ग्रंथकाराचें नाहीं, आणि त्यांत एक ओळ लिहिण्याचा अधिकार अमेरिकेंतील पंडितास जितका आहे, तितकाच शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थ्यासही आहे.

संगणकास काम सांगावयाचें तर तें त्याला समजेल अशा भाषेंत सांगावें लागतें. अशा भाषा पुष्कळ आहेत. त्यांपैकीं विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाची म्हणजे ‘पायथन’. ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९८९ च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटींत, ती रचावयास घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारींत जगास वापरावयास दिली. नांवावरून मुलांस अजगर आठवतो. परंतु हें नांव सापावरून नसून ‘मॉन्टी पायथन’ या इंग्लंडांतील विनोदी नटमंडळीवरून घेतलेलें आहे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. या भाषेचा सारा अंतर्भाग उघडा आहे. ती चालविणारी मूळ संहिता कोणीही वाचावी, उतरून घ्यावी, सुधारावी. त्यासाठीं दाम नाहीं व दस्तुरी नाहीं. गांवांतील सार्वजनिक विहिरीसारखीच ही व्यवस्था. विहीर सर्वांची, म्हणून पाणी भरण्याचा हक्क सर्वांचा. पण कठड्याचा दगड निखळला म्हणजे जो तो आपली घागर भरून घरीं जातो, आणि एखादे दिवशीं कोणाचें तरी वासरूं आंत पडतें.

इंग्रजींत संगणकाच्या चुकेस ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील ‘मार्क २’ या यंत्रांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून खालीं टीप लिहिली. तें पान आज अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयांत आहे. शब्द त्याहून जुना आहे; एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत तो याच अर्थानें वापरला होता. भात पिकविणाऱ्या आपल्या मुलखांत हा शब्द समजावून सांगण्याची गरज पडूं नये. खोडकिडा रोपाच्या आंत असतो. बांधावरून शेत हिरवेंगार दिसतें. ओंबी पांढरी पडून पोकळ निघते, तेव्हां कोठें शेतकऱ्यास कळतें.

आतां मुद्द्याकडे वळूं. पायथनमध्यें मजकुरांतून शब्द वेंचून काढण्यासाठीं एक छोटी खूण आहे: तिरपी रेघ आणि तिच्यापुढें डब्ल्यू हें अक्षर. ‘शब्दांत येणारें कोणतेंही अक्षर’ असा तिचा अर्थ. इंग्रजी मजकूर या खुणेच्या हवालीं केला तर शब्द सुबक सुटे होतात. मराठी मजकूर दिला तर काय होतें, तें कोणाही विद्यार्थ्यानें स्वतः संगणकावर करून पाहावें. ‘शहापूर’ या एका नांवाचे तीन तुकडे पडतात: ‘शह’, ‘प’ आणि ‘र’. ‘मुरबाड’चे ‘म’, ‘रब’ आणि ‘ड’. ‘कल्याण’चे ‘कल’, ‘य’ आणि ‘ण’. ‘धरण’ मात्र अखंड राहतें, कारण त्याला काना नाहीं, मात्रा नाहीं.

कारण असें आहे. जगांतील सर्व लिप्यांचीं अक्षरें ज्या एका मोठ्या कोष्टकांत क्रमानें मांडलीं आहेत, त्यास ‘युनिकोड’ म्हणतात. त्या कोष्टकांत क, ख, ग हे ‘अक्षर’ या वर्गांत पडतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व पाय मोडण्याची खूण हीं सर्व ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गांत पडतात. पायथनची वरील खूण अक्षर ओळखते, आंकडा ओळखते, चिन्ह ओळखत नाहीं. काना आला कीं शब्द संपला असें ती समजते. बाराखडी गिरविणाऱ्या बालकासही ठाऊक असतें कीं ‘पू’ हें एक अक्षर आहे. ‘प’ आणि त्याच्याखालीं सांडलेली शाई नव्हे.

मौज अशी कीं याच भाषेंत २००८ च्या डिसेंबरांत निघालेल्या तिसऱ्या अवतारापासून चलराशीस मराठी नांव देतां येतें, आणि तेथें ‘शहापूर’ हें नांव बिनतक्रार चालतें. ‘१२३’ असे देवनागरी आंकडे दिले तर त्यांची संख्याही ती बरोबर करते. ज्या पाहुण्यास एका दारानें मानानें आंत घेतलें, त्याचेच दुसऱ्या दारांत हातपाय तोडले, असा हा प्रकार! मुलांसाठीं आणखी एक गंमत सांगतों. ‘मुरबाड’ हें नांव उलट क्रमानें लिहावयास सांगितलें तर आपण ‘डबारमु’ असें लिहूं. यंत्र ‘डाबरुम’ असें लिहितें, कारण तें काना निराळा मोजतें आणि उकार निराळा. जाणकार यास दोष म्हणत नाहींत, आणि आम्हीही म्हणत नाहीं; पण यंत्राच्या मनांत आपली लिपि कशी बसली आहे, हें त्यावरून चांगलें कळतें.

एवढ्यावर भागलें असतें तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. पायथनच्या आधारानें ‘सायकिट-लर्न’ नांवाचें एक विनामूल्य साधन लोकांनीं रचलें आहे. पत्रें, तक्रारी, बातम्या असा मोठा मजकूर यंत्राकडून वाचवून त्याचें वर्गीकरण करावयास तें जगभर वापरतात. त्यांत शब्द निवडण्याचा जो नियम मुळांत घालून दिलेला आहे तो वरील खुणेवरच उभा आहे. आणि वर भर अशी कीं, दोन अक्षरांहून लहान तुकडा असेल तर तो शब्दच नव्हे म्हणून टाकून द्यावा. इंग्रजीस हा नियम सोयीचा आहे. मराठीचें काय होतें? ‘शहापूर’ मधून ‘शह’ उरतो, ‘मुरबाड’ मधून ‘रब’ उरतो, ‘शेतकरी’ या शब्दांतून ‘तकर’ उरतो. ‘शाळा’ नाहींशी होते. ‘ठाणें जिल्हा’ यांतून कांहींच उरत नाहीं.

तानसा व भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत आहेत. त्यांच्या पाण्यानें मुंबईची तहान भागते, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायामाणसें हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. समजा, अशा एका पाड्यावरील मुलीनें वरिष्ठांकडे तीन शब्दांचा अर्ज पाठविला: ‘गांवांत पाणी नाहीं’. आणि समजा, आलेले अर्ज वाचून त्यांची वर्गवारी करण्यासाठीं कोणी हें साधन त्याच्या मूळ नियमासकट बसविलें. तें पहिल्या शब्दाचे ग, व, त असे तीन तुकडे करील. दुसऱ्याचे प आणि ण. तिसऱ्याचे न आणि ह. सातही तुकडे एकेका अक्षराचे, म्हणून सातही टाकून देईल. यंत्रापुढें अर्ज कोरा!

कोणत्याही कचेरींत असें घडलें आहे, असा आमचा दावा नाहीं. जाणता मनुष्य हा मूळ नियम बदलूं शकतो. ‘रेजेक्स’ नांवाचें एक दुसरें साधन पायथनला जोडतां येतें, आणि तें काना-मात्रांसह मराठी शब्द अखंड ठेवतें. पण जाणता मनुष्य त्या जागीं बसलेला असेलच असें कोणी सांगावें? तो नसला तर यंत्र अडत नाहीं, कुरकुरत नाहीं. तुटक्या शब्दांच्या राशी मोजून पुढें आंकडे मांडतें, आणि ते आंकडे पाहणारास ते अगदीं खरे वाटतात. मोटार बिघडली तर ती रस्त्यांत उभी राहते, म्हणून निदान बिघाड कळतो. ही चूक चालत्या गाडींतील आहे.

ती कोणाच्या लक्षांत आली नाहीं, असेंही नाहीं. २००७ च्या एप्रिलांत एका गृहस्थानें ती पायथनच्या जाहीर नोंदवहींत लिहून ठेविली. देवनागरी मजकुरांतील शब्दांचे बारीक तुकडे होतात, आणि स्वरचिन्हें त्या खुणेंत धरलीं जात नाहींत हें त्याचें कारण असावें, इतकी ती नोंद नेमकी होती. २०११ सालीं दुसऱ्या एका जाणकारानें हाच दोष मोठ्या विस्तारानें मांडला. शब्दाच्या अक्षरांत चिन्हांचाही समावेश करावा, असें युनिकोडच्या मार्गदर्शनपत्रांतच म्हटलें आहे, याकडे त्यानें बोट दाखविलें. ‘पर्ल’ नांवाच्या जुन्या संगणकभाषेंत तीच खूण काना-वेलांटी धरून चालतेही. मध्यंतरीं ही नोंदवही दोनदां बिऱ्हाड बदलून गेली: २००७ सालींच ‘सोर्सफोर्ज’ सोडून पायथनच्या स्वतःच्या जागीं, आणि २०२२ सालीं तेथून ‘गिटहब’वर. दर वेळीं जुन्या नोंदी बरोबर नेल्या. तरी २०२४ च्या ऑक्टोबरांत ३.१३ ही आवृत्ति निघाली तेव्हांही शहापूरचे तीन तुकडे पडतच होते. सतरा वर्षें झालीं होतीं!

येथें कोणी म्हणेल कीं परकीयांस आपल्या लिपीची काय पर्वा? हा आक्षेप आम्हांस अन्यायाचा वाटतो. पायथनच्या मार्गदर्शिकेंत त्या खुणेचा अर्थ अक्षरें, आंकडे व खालची रेघ एवढाच दिलेला आहे. म्हणजे यंत्र लिहिल्याप्रमाणेंच वागतें. चूक आहे ती लिहितांना केलेल्या कल्पनेंत. शिवाय जगांत असंख्य कामें आज त्याच अर्थावर विसंबून चाललेलीं आहेत. तो अर्थ एका रात्रींत बदलला तर एकाचा शब्द जुळेल आणि दुसऱ्याचा हिशेब मोडेल. दुरुस्तीचें काम करणारांत पुष्कळजण स्वयंसेवक आहेत, नोकरीच्या वेळांतून वेळ काढून हें करतात. हें सर्व लक्षांत घेऊनही आमचें मत असें आहे कीं, जुन्या खुणेस हात न लावतां आपल्यासारख्या लिप्यांसाठीं एखादी नवी खूण इतक्या वर्षांत देतां आली असती. पण हें मत आम्ही शाळेच्या वार्षिकांत लिहून काय उपयोग? तें जेथें लिहावयास पाहिजे तेथें, आधार व उदाहरणें जोडून, लिहिणारीं मराठी माणसें किती निघालीं? हिंदी, मराठी, नेपाळी मिळून कोट्यवधि लोक देवनागरी लिहितात. तमिळ व बंगाली लिहिणारांसही हाच चटका बसतो. चटका आपणांस बसावा आणि बोंब दुसऱ्यानें मारावी, ही अपेक्षा बरी नव्हे.

आपल्या लोकांनीं लिपीसाठीं कष्ट घेतलेच नाहींत, असें मात्र नव्हे. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्यांच्या हाताखालीं शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्या छापखान्याचा टाइप व त्याची शुद्ध छपाई यांची कीर्ति सर्व हिंदुस्थानांत झाली. शिशाच्या खिळ्यांत एखादें जोडाक्षर नीट बसलें नाहीं तर तो खिळा पुन्हां कोरावा लागे. कोरणाराला ‘चालतंय’ म्हणून भागत नसे.

संगणकाच्या काळांतीलही एक चांगलें उदाहरण आहे. ‘ॲसिड’, ‘ॲम्ब्युलन्स’ हे शब्द आपण नित्य लिहितों. त्यांतील ‘ॲ’ हा स्वर युनिकोडच्या कोष्टकांत पूर्वीं नव्हताच. लोक ‘अ’ लिहून त्यावर निराळा चंद्र काढीत व वेळ मारून नेत. मराठीस या स्वराची गरज आहे हें योग्य ठिकाणीं मांडलें गेलें, आणि २००८ च्या एप्रिलांत निघालेल्या ५.१ या आवृत्तींत त्यास स्वतःची जागा मिळाली. आज भ्रमणध्वनीवर हा स्वर सहज उमटवणाऱ्या मुलास, त्याच्या जन्मापूर्वीं कोणी तरी त्यासाठीं कागद खर्चीं घातले होते, याची कल्पनाही नसेल.

असा कागद कसा लिहावा, हें शिकण्याजोगें आहे. ‘चालत नाहीं’ ही नोंद नव्हे. ती कुरकूर आहे. डोळखांबेकडून दोन तास प्रवास करून आलेला रोगी डॉक्टरांपुढें बसून नुसतें ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच म्हणूं लागला तर डॉक्टरांनीं काय करावें? केव्हांपासून, कोठें, काय खाल्ल्यावर, किती वेळ, हें सांगितलें तर उपाय होतो. संगणकाच्या चुकेचेंही तसेंच आहे. भाषेची कोणती आवृत्ति वापरली, तें आधीं सांगावें. मग चूक दाखविणारें लहानांत लहान उदाहरण द्यावें. आपला दोनशें ओळींचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढें टाकणें म्हणजे सुई शोधण्यासाठीं दुसऱ्यास गवताची गंजी देण्यासारखें आहे. दोनशेंच्या वीस ओळी कराव्या, विसांच्या दोन. या कापाकापींतच निम्म्या वेळां असें आढळतें कीं चूक भाषेची नसून आपलीच आहे, आणि नोंद लिहिण्याची गरजच उरत नाहीं! उरली, तर काय दिलें, काय मिळालें, आणि काय मिळावयास हवें होतें, हें तिन्ही स्पष्ट लिहावें. ‘आवृत्ति ३.१३. दिलें: शहापूर. मिळालें: शह, प, र. अपेक्षा: शहापूर, एक शब्द.’ एवढ्या मजकुरानें टोकियोंतील मनुष्यही, मराठीचें एक अक्षर न जाणतां, आपल्या मेजावर ती चूक घडवून पाहूं शकतो. घडवून पाहतां आली तरच ती दुरुस्त होते. अपेक्षेचें कारण एका वाक्यांत द्यावें. एका नोंदींत एकच चूक लिहावी. आणि रागावूं नये. वाचणारा तुमचा नोकर नाहीं.

सर्वांत आधीं मात्र ही नोंद पूर्वीं कोणी केली आहे काय, तें शोधावें. म्हणूनच, वर सांगितलेल्या दोषाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांनीं उत्साहाच्या भरांत नवी नोंद मुळींच करूं नये. ती आहे. तेथें ‘आम्हांसही असेंच होतें’ असें लिहिणाऱ्या शंभरांपेक्षां एक चांगली शब्दयादी देणारा अधिक उपयोगी पडतो. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दांत अर्धा ऱ, अनुस्वार, काना, जोडाक्षर सर्व कांहीं एकत्र आलें आहे. असे शब्द वेंचून, त्यांचें यंत्रानें काय करावें व तें काय करतें, याचें कोष्टक करणें दहावींतील मुलास जमण्यासारखें आहे. तें परदेशी पंडितास जमणार नाहीं, कारण त्याला तो शब्द सुचणारच नाहीं. शिवाय पायथन म्हणजे केवळ मूळ भाषा नव्हे. तिच्याभोंवतीं लोकांनीं रचलेलीं हजारों लहान साधनें आहेत. त्यांपैकीं पुष्कळांच्या कर्त्यांस देवनागरींत आपलें साधन कसें वागतें, हें कधीं पाहावयासच मिळालेलें नसतें. गांवांच्या नांवांचें कोष्टक केलें तर उभ्या रेघा वांकड्या होतात, हें अशाच प्रकारचें आहे. यंत्र काना-उकार मोजून जागा सोडतें, आणि ‘खर्डी’ व ‘धसई’ एका ओळींत बसत नाहींत. मार्गदर्शिकेंतील शब्दलेखनाची चूक दाखविणें हें तर त्याहूनही सोपें, आणि सुरुवातीस तेंच करावें, असा आमचा सल्ला आहे.

दुरुस्ती हें पुढचें काम. तिची रीत आम्हांस फार आवडते. प्रथम एक कसोटी लिहावयाची, जी आज नापास होते. मग संहितेंत बदल करावयाचा, म्हणजे ती पास झाली पाहिजे. आणि त्याच वेळीं पूर्वीच्या हजारों कसोट्यांपैकीं एकही नापास होतां कामा नये. नंतर दुसरा मनुष्य तो बदल ओळन् ओळ वाचतो, शंका काढतो, कधीं परत पाठवितो. कोणाचें वय किती, पदवी कोणती, हें त्या वाचनांत विचारीत नाहींत. परीक्षेंत पेपर परत आला कीं मुलें खट्टू होतात; येथें परत आलेला कागद सुधारून पुन्हां पाठविणें हाच रिवाज आहे. डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन आचार्यांनीं आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखविणारास दोन डॉलर छप्पन सेंटांचा धनादेश देण्याची प्रथा पाडली. २५६ हा आंकडा संगणकवाल्यांचा लाडका आहे. तो धनादेश वटविण्याऐवजीं चौकटींत घालून भिंतीवर लावणारेच पुष्कळ!

पालकांपैकीं कांहींजण विचारतील, आणि विचारावें हें योग्यच आहे, कीं यांत मुलाचा लाभ काय? गुण मिळत नाहींत, पैसे मिळत नाहींत. घरीं एकच भ्रमणध्वनि, तोही बाप संध्याकाळीं कामावरून आल्यावर हातीं येणार. यामुळें नोकरी लागते, असें सांगून आम्ही कोणास फसविणार नाहीं. सर्व मुलांनीं हें करावें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. वर्गांतील चार मुलांस याची गोडी लागली तरी आम्हांस पुरे. परंतु काय घडलें, काय घडावयास हवें होतें आणि त्यास आधार कोणता, हें पांच ओळींत, न चिडतां लिहितां येणें ही विद्या तहसील कचेरींत, बँकेंत, वीजमंडळाच्या खिडकीपुढें, सर्वत्र लागते. आणि ती आमच्या तालुक्यांत फार थोड्यांस येते, हें आम्ही अर्ज लिहून देतां देतां पाहिलें आहे. मुरबाड तालुक्यांतील धसई गांव २०१६ च्या डिसेंबरांत रोकडीवांचून व्यवहार करणारें गांव म्हणून वर्तमानपत्रांतून गाजलें. यंत्र पाड्यापर्यंत आलें आहे. तें चुकलें तर कोणास व कसें सांगावें, हें ज्ञान त्याच्याबरोबर आलेलें नाहीं.

इंग्रजीची अडचण खरी आहे, कारण त्या नोंदवह्या इंग्रजींत चालतात. पण नोंदीस लागणारें इंग्रजी आठवींच्या पुस्तकापलीकडचें नाहीं. लहान वाक्यें, साधीं क्रियापदें. अलंकारिक इंग्रजी तेथें उलट नडतें. मराठी उदाहरण देवनागरींतच द्यावयाचें असतें. इंग्रजीच्या शिक्षकांनीं निबंधाऐवजीं वर्षांतून दोनदां अशी एक नोंद लिहावयास सांगावी, असें आम्ही सुचवितों. ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा निबंध मुलांनीं पुष्कळ वेळां लिहिला आहे.

वेळेच्या अडचणीवर उपाय आपल्याच शेतांत आहे. लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतावर, उद्यां माझ्या, अशी सावड करून आपले लोक एकमेकांचें काम उरकतात. ज्याच्या घरीं संगणक नाहीं त्यानें शब्द वेंचावे, उदाहरण कापून लहान करावें, कागदावर नोंद लिहावी. ज्याला शनिवारीं शाळेंतील यंत्रावर बसावयास मिळतें त्यानें ती पडताळून पाठवावी. त्यासाठीं संगणकाच्या खोलींत एक जाड वही ठेवावी, असें आमचें शिक्षकमंडळास व विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींस सांगणें आहे. वर नाताळापर्यंतची तारीख घालावी, डाव्या बाजूस चूक, उजव्या बाजूस ती कोठें कळविली व काय उत्तर आलें तें. पेन दोरीनें बांधून ठेवावें. तें त्या खोलींत फार दिवस टिकत नाहीं, असा अनुभव आहे.